कानामागचं हाड

दुपारी तीन वाजता मी घरी आलो तेव्हा हेडसेट बाबांच्या डोक्यावर नव्हता. तो गरम पाण्याच्या रबरी पिशवीवर होता. पिशवीला बाबांची लोकरी टोपी चढवलेली, टोपीच्या दोन्ही बाजूंना हेडसेटची दोन बोंडं नीट दाबून बसवलेली, आणि कडेचा हिरवा दिवा शांतपणे लागलेला. हिरवा म्हणजे घातलाय, लाल म्हणजे काढलाय. हे मीच ठरवलं होतं, तीन बैठका घेऊन. पिशवी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत होती, पाठीला उशी लावून, एखाद्या पाहुण्यासारखी. बाबा स्वतः स्वयंपाकघरात फ्रिजसमोर स्टूल टाकून, माझ्याकडे पाठ करून बसले होते. हातात त्यांचा तो हातभर लांब पेचकस, त्याचं टोक फ्रिजच्या कुशीला टेकवलेलं आणि लाकडी मूठ उजव्या कानामागच्या हाडावर दाबलेली. मी कुलूप उघडलं, बूट काढले, किल्ल्या टेबलावर टाकल्या; यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. ते फ्रिज ऐकत होते.

खरं तर हसू यायला हवं होतं. पंचाहत्तरीचा माणूस पिशवीला टोपी घालून बसवतो आणि स्वतः फ्रिजशी हितगुज करतो, हे दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिलं असतं तर मी महिनाभर सांगत सुटलो असतो. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण त्या पिशवीला मी चांगला ओळखत होतो. गेले सात आठवडे मी तिच्याच भरवशावर काम करत होतो. ऑफिसात तिला सतरा नंबर म्हणतात. तीस माणसांना आम्ही दहा आठवड्यांपूर्वी हेडसेट घरी वापरायला दिले होते, आणि हेडसेटमधला सेन्सर दर मिनिटाला दाब आणि ऊब तपासून आमच्याकडे कळवत होता की आत्ता घातलाय की नाही. बाकीचे एकोणतीसजण दोन तास, अडीच तास, कुणी चाळीस मिनिटं. सतरा नंबर रोज अकरा तास. सतरा नंबरचा आलेख भिंतीवर मोठा करून लावला होता. आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे टक्केवारी म्हणतो, कारण ते ‘बरं आहे’ असं कधी म्हणत नाहीत, ‘ऐंशी टक्के बरं आहे’ म्हणतात; त्यांनी त्या आलेखासमोर उभं राहून पहिल्यांदा शंभर टक्के हा शब्द वापरला होता. आलेखात दर अडीच तासांनी एक बारीकशी खाच होती. कुणीतरी विचारलंही होतं. मी म्हटलं, वडील आहेत माझे, तोंड धुताना काढत असतील, स्वच्छतेची आवड आहे त्यांना. आता खुर्चीतल्या त्या पिशवीकडे बघताना मला कळलं की ती खाच म्हणजे पाणी बदलायला लागणारा वेळ होता.

आणि मी आलो होतो तो बाबांचे दोन शब्द रेकॉर्ड करून न्यायला. उद्या सकाळी दहाला आमचं काम गोठणार होतं. गोठणं म्हणजे आवाजाची मांडणी चिपवर कायमची उतरते, ती कारखान्यात जाते, आणि मग वर्षभर कुणाच्या बापालाही तिला हात लावता येत नाही. टक्केवारी म्हणाले होते, सतरा नंबरला म्हणावं त्यांच्याच शब्दांत सांगा, अर्धा मिनिट पुरे, आरामाबद्दल. म्हणून मला दुपारीच सोडलं होतं. खिशातला फोन मी दारातच काढून तयार ठेवला होता. मी तसाच उभा राहिलो, फोन हातात, पायांत नुसते मोजे, आणि त्यांच्या मानेकडे बघत राहिलो. मानेवरचे पांढरे केस नीट कापलेले होते. कानामागची ती जागा, जिथे मूठ टेकली होती, तिथली कातडी वर्षानुवर्षांच्या दाबानं थोडी काळपट, थोडी गुळगुळीत झालेली. टाचेवर असते तशी. गेले सात आठवडे या एवढ्याशा जागेवर माझं पोट होतं आणि मी ती धड पाहिलीही नव्हती.

माझं काम सांगायला लागलं की लोकांच्या चेहऱ्यावर एक सोशिक भाव येतो, म्हणून मी सहसा सांगत नाही. कानाच्या भोकात काही घालायचं नाही. कानामागच्या हाडाला बारीक कंपन द्यायचं, हाड ते आतल्या कानापर्यंत पोचवतं, माणसाला ऐकू येतं. इथवर सगळ्यांना आवडतं. पुढची गोष्ट अशी की हाडावर कातडी असते. आवाजातला जो खर्ज असतो, पुरुषी आवाजाची ती खालची घरघर, ती कानाला कमी आणि कातडीला जास्त कळते. गुदगुल्या होतात, खाज सुटते, कुणाला मुंग्या येतात. मग माणूस हेडसेट काढून ठेवतो आणि तक्रार लिहितो. मी काय केलं, तर तो खर्जच कापून टाकला. आणि त्याच्या जागी त्याचेच वरचे, दुप्पट-तिप्पट पट्टीतले सूर थोडे फुगवून घातले. ते वरचे सूर ऐकले की डोकं खालचा सूर आपणहून कल्पून घेतं; नसलेला खर्ज असल्यासारखा वाटतो. कातडीला काही कळत नाही. डोक्याला फसवायचं आणि कातडीला झोपवायचं. आमच्या धंद्यात याला फसवणूक म्हणत नाहीत, आराम म्हणतात. मी हे रात्रंदिवस घासलं होतं. प्रत्येक बदल आधी स्वतःच्या डोक्यावर, मग तीस माणसांवर, आणि दर शुक्रवारी एक फॉर्म: गुदगुल्या किती, एक ते पाच यातला आकडा भरा. बाबांनी पहिल्या आठवड्यात चार भरला होता. शेजारी लिहिलं होतं, ‘माशी बसल्यासारखं’. नंतर तीन. नंतर एक. शेवटचे तीन आठवडे शून्य, आणि शून्य हा आकडा फॉर्मवर नव्हताच. त्या शून्याचं मला कोण कौतुक वाटलं होतं.

त्यांना ऐकू येईनासं होऊन तीन वर्षं झाली. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं: पडद्यामागची तीन इवलीशी हाडं ताठरली आहेत, पण आतला कान धडधाकट आहे. ऑपरेशन या वयात नको, असं त्या म्हणाल्या. कान सारखा वाहतो म्हणून कानात घालायचं यंत्रही चालत नाही. राहता राहिला हाडाचा रस्ता. मी बाहेर येताना बाबांच्या पाठीवर थाप मारून ओरडून म्हटलं होतं, अहो, हेच तर माझं काम आहे. त्या दिवशी मी इतका खूश होतो की मला लाज वाटायला हवी होती. माणूस बहिरा होतोय आणि त्याचा मुलगा खूश आहे. पण मला वाटलं, चला, एकदाचं माझं काहीतरी त्यांच्या कामाला येणार. तेव्हापासून आजपर्यंत, हेडसेट घातलेला असला तरी, सवयीनं घरात आम्ही ओरडूनच बोलतो. त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर निम्मं कळतं, उरलेलं ते ओठांवरून जुळवतात. आमच्या घरातली एकही गोष्ट खालच्या मजल्यावर गुप्त नाही. ओरडून फक्त कामाचं बोलता येतं. गोळी घेतली का. पाणी आलंय. आज उशीर होईल. ‘मला आज बरं वाटत नाहीये’ हे वाक्य ओरडून बघा, कुणाला खरं वाटत नाही.

तो पेचकस मात्र माझ्याहून जुना. बाबा शहराच्या पंपघरात मेकॅनिक होते, सदतीस वर्षं. सहा पंप, हिरव्या रंगाचे, छातीएवढे उंच. त्या गदारोळात साध्या कानानं काही कळायचं नाही म्हणून ते पेचकसाचं टोक पंपाच्या अंगाला लावायचे, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून आतलं बेअरिंग ऐकायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं, फक्त डॉक्टर एवढे घाणेरडे नसतात, असं आई म्हणायची. मी नऊ वर्षांचा असताना सुट्टीत ते मला एकदा तिथे घेऊन गेले. चार नंबरच्या पंपाशी मला उभं केलं, मूठ माझ्या कानामागे दाबली आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, काय येतंय ऐकू? मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. सगळं डोकंच एक पंप झालं होतं, दात थरथरत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ते वाट बघत होते. त्यांनी माझ्याकडून एवढ्या उत्सुकतेनं काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. जेवताना त्यांच्या तोंडून मी एक शब्द नेहमी ऐकायचो, तो मी सांगून टाकला. खरखर, मी म्हटलं. खरखर येतेय. त्यांनी माझ्या हातून पेचकस घेतला, स्वतः ऐकलं, बराच वेळ ऐकलं, आणि मग चार नंबर बंद करायला लावून दोन माणसांच्या मदतीनं तो उघडला. अर्धा दिवस गेला. मी एका खोक्यावर बसून डबा खाल्ला. संध्याकाळी घरी आल्यावर ते आईला म्हणाले, पोराला कान आहे. मग काकांना, मग शेजाऱ्यांना, मग लग्नकार्यात भेटेल त्या प्रत्येकाला: चार नंबरची खरखर यानं पकडली, नऊ वर्षांचा असताना. त्या कानापायी मला टेपरेकॉर्डर मिळाला, त्या कानापायी मी आवाजाचं शिक्षण घेतलं, त्या कानापायी आज मी इथे उभा होतो. माझी सगळी कारकीर्द एका थापेवर उभी आहे, आणि हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. कधीकधी ऑफिसात दोन आवाजांतला फरक ओळखायची पाळी आली की आजही मी आधी बाकीच्यांची तोंडं बघतो.

बाबांनी मनगट वर करून घड्याळ पाहिलं, पेचकस स्टुलाशी उभा ठेवला आणि गॅसवरचं पातेलं उचलायला वळले. तेव्हा मी दिसलो. त्यांच्या हातात फडकं, फडक्यात पातेलं, पातेल्यात वाफाळतं पाणी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. कपाटात लपवलेला डबा सापडल्यावर लहान मुलं करतात तसा चेहरा त्यांनी केला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तसं काही केलं नाही.

“आज लवकर?” ते म्हणाले.

मी खुर्चीकडे बोट दाखवलं.

“निवते ती,” ते म्हणाले, “अडीच तासांत. आधी नुसती उशी ठेवून बघितली, दिवा लाल व्हायचा. मग समजलं, याला ऊब लागते. मग पिशवी. पण रबरावर बोंडं घसरतात, म्हणून टोपी. तू यायच्या वेळेला काढून माझ्या डोक्यावर.” त्यांच्या आवाजात, काय सांगू, किंचित अभिमान होता. एखादं यंत्र कसं चालतं ते उकलल्याचा.

मी त्यांच्या डाव्या कानाशी गेलो आणि ओरडलो. काय ओरडलो ते नीट आठवत नाही. सात आठवडे, असं काहीतरी. माझं नाक कापलं जाईल, असं काहीतरी. उद्या दहा वाजता, हे नक्की. ओरडताना माझी थुंकी त्यांच्या गालावर उडाली आणि त्यांनी ती फडक्यानं पुसली, पातेलं न सांडता. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली.

“तुझं काम आहे म्हणून केलं,” ते म्हणाले. “तू रोज आल्या आल्या त्या दिव्याकडे बघतोस. माझ्याकडे नंतर बघतोस. म्हटलं, हिरवा असू दे.”

मी पाण्याचा पेला भरून घेतला आणि न पिता ठेवून दिला. बायकोला फोन लावला. ती कामावर होती, पाठीमागे कुणीतरी प्रिंटरला शिव्या घालत होतं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं की. मी म्हटलं, काय माहीत होतं? ती म्हणाली, अरे, ती पिशवी कुणी आणली? माझी पाठ धरते म्हणून मी आणली, आणि गेले दोन महिने ती मला मिळत नाहीये. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तुम्ही दोघं इतके खूश होतात. मग तिला कुणीतरी बोलावलं. मी फोन ठेवला. घरातल्या तीन माणसांपैकी एकट्या मलाच हे ठाऊक नव्हतं, आणि ऐकणं हा माझा पेशा आहे.

बाबा पिशवीत पाणी भरायला गेले नाहीत. त्यांनी पातेलं परत गॅसवर ठेवलं, गॅस बंद केला, आणि स्टुलावर बसून मला समोरची खुर्ची दाखवली. मी बसलो. शेवटी मी वही घेतली आणि लिहिलं: टोचत होतं तर सांगायचं. मी अजून कमी केलं असतं.

त्यांनी ते लांब धरून वाचलं. “अजून काय कमी करणार? काही ठेवलंयस का त्यात?”

मी लिहिलं: आता गुदगुल्या नाहीत ना?

“नाहीत. माशी गेली. पण तू पण गेलास.” त्यांनी वही बाजूला सारली. “टीव्हीतला माणूस, दूधवाला, तू, सगळे एकासारखे एक. त्या फलाटावर गाडीची सूचना देणाऱ्या बाई असतात ना, तसे. शब्द कळतात, माणूस कळत नाही. पहिल्या आठवड्यात तू हाक मारलीस तर इथे कळायचं,” त्यांनी कानामागे बोट ठेवलं, “की हा आला. टोचायचं, पण कळायचं. मी टोचतं म्हणालो होतो. बंद कर म्हणालो नव्हतो. बेअरिंग आवाज करतं म्हणून कुणी बेअरिंगच काढून ठेवतं का?”

मला त्यांना सांगायचं होतं की असं नसतं, डोकं खर्ज आपणहून भरून घेतं, हे सिद्ध झालेलं आहे, तीस माणसांवर. एकोणतीस. आणि लिहायला वही पुन्हा ओढली तेव्हा मला जाणवलं की सगळ्यांची डोकी भरून घेत असतीलही, पण हे डोकं घेणार नाही. सदतीस वर्षं या हाडानं खरी थरथर आणि खोटी थरथर यांतला फरक सांगून पोट भरलं होतं. त्याला थाप मारून चालणार नव्हतं. आणि चीड याची आली की हे मला समजायला हवं होतं. बाकी कुणाला नाही तरी मला. मी जगातल्या सगळ्यात जाणत्या कानामागच्या हाडाबरोबर एका घरात राहत होतो आणि त्याच्याकडून शुक्रवारी एक ते पाच आकडा भरून घेत होतो.

“आणि टोचायचं ते तरी केव्हा?” ते म्हणाले, जणू माझ्या मनातलंच पुढे बोलत असल्यासारखे. “तू बोलायला लागलास की. पहिल्या शब्दाला. मग बोलत राहिलास तर काही नाही. माशी बसते तेव्हा कळते, बसून राहिली की कळते का? आमच्याकडे मोटार कधी एकदम पूर्ण वेगात सोडत नव्हतो. हळूहळू चढवायची.”

पेल्यातलं पाणी मी आता प्यायलो. सुरुवातीचा झटका. खर्ज नाही, खर्जाची उडी. तो कापायचा नव्हताच. प्रत्येक शब्दाच्या तोंडाशी त्याला जरा हळू चढू द्यायचा होता, एवढंच. निदान करून बघण्यासारखं होतं. जमेलच असं नाही. मी अशी सात ‘एवढंच’ या वर्षात पुरली आहेत. पण तीस माणसांच्या तीनशे फॉर्मांवर ‘किती’ होतं, ‘केव्हा’ असा रकानाच नव्हता, आणि तो फॉर्म मी बनवला होता. मला आनंद झाला असं म्हणवत नाही. वर्षभर ज्या भिंतीला डोकं आपटत होतो तिला शेजारीच दार होतं असं कुणी दाखवलं की आधी डोकं दुखायला लागतं.

मी टक्केवारींना लिहिलं: सतरा नंबर बाद समजा. उद्या गोठवू नका. कारण सकाळी सांगतो, चूक माझी आहे. पाठवलं आणि फोन टेबलावर पालथा घातला. मिनिटभरात तो घुरघुरायला लागला. बाबांचा तळवा टेबलावर होता. फोनकडे न बघता ते म्हणाले, “साहेब वाटतं. घाईत आहेत.” मी उलटा करून पाहिलं. साहेबांनीच विचारलं होतं: किती टक्के बाद? मी वहीत ते बाबांना लिहून दाखवलं, आणि खाली लिहिलं: तुमचे दोन शब्द हवे होते त्यांना, आरामाबद्दल.

“सांग, पिशवीला आराम आहे,” ते म्हणाले.

आता हसू आलं. त्यांनाही आलं. पण माझ्या हसण्याचं पुढे भलतंच काहीतरी व्हायला लागलं, आणि मी उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं. झटका आधी दिसायचा, आवाज नंतर यायचा. उद्या मला त्या आलेखासमोर उभं राहून सांगावं लागणार होतं की हा आलेख एका रबरी पिशवीचा आहे. लोक हसतील. वर्षभर हसतील. टक्केवारी हसणार नाहीत, ते फक्त माझ्याकडे बघतील, आणि पुढच्या कामाला दुसऱ्या कुणाला तरी घेतील. हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं आणि तरी त्याक्षणी त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच, की माझ्या पाठीमागे स्टुलावर बसलेल्या माणसाशी मी तीन वर्षांत एक वाक्य हळू बोललेलो नाही.

पाठीमागून खांद्यावर टकटक झाली. बाबा उठून आले होते, पेचकस घेऊन. त्यांनी मला खांद्याला धरून वळवलं, परत समोरच्या खुर्चीत बसवलं, स्टूल पुढे ओढलं आणि पेचकसाचं बोथट टोक माझ्या गळ्याखालच्या आडव्या हाडावर, शर्टाच्या वरच्या बटणाशेजारी टेकवलं. टोक गार होतं. मूठ त्यांच्या कानामागे, नेहमीच्या जागी. डोळे मिटले.

“बोल,” ते म्हणाले. “एकदम नको सुरू करूस. हळू चढव.”

त्यांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्यांच्या कानाशी ओरडताना मी रोज इतक्या जवळ जातो, पण तेव्हा मला फक्त कान दिसतो. पापण्या पातळ झाल्या होत्या. ते वाट बघत होते. ती वाट बघण्याची तऱ्हा मी ओळखली. आधी मी नुसताच हुंकार दिला, खालून, घशातून. पेचकस थरथरला आणि त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या.

“बाबा,” मी म्हटलं. ओरडलो नाही. शेजारच्या खोलीत ऐकू गेलं नसतं इतकं हळू. “मला तेव्हा काही ऐकू आलं नव्हतं.”

“कधी?”

“चार नंबरला. पंपघरात. मी खरखर म्हणालो होतो. मला काहीच कळलं नव्हतं. उगाच बोललो होतो.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मूठ थोडी अजून दाबली, तेवढंच टोक माझ्या हाडात रुतलं.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “चार नंबरचं बेअरिंग धड होतं.”

“मग उघडलात कशाला?”

“तू म्हणालास ना.”

त्या दिवशीची दोन माणसं मला आठवली, कपाळाचा घाम पुसत आणि एकमेकांकडे बघत बोल्ट सोडवणारी; ती काय बडबडत होती ते आज समजलं. धड पंप अर्धा दिवस बंद ठेवून उघडला, पुसला, तसाच मिटला, आणि माणूस घरी येऊन बायकोला सांगतो पोराला कान आहे. बाहेरच्या खोलीत टुकटुक वाजलं. मी मान वळवली. खुर्चीतली पिशवी निवली होती आणि टोपीवरचा दिवा लाल झाला होता. सवयीनं मी उठायला गेलो, पण पेचकस छातीशी टेकलेला होता आणि बाबांनी तो हलू दिला नाही.

“राहू दे ते,” ते म्हणाले. “तू बोल. येतंय ऐकू.”